एकाच कुंडीखाली

"बाबा, दुसरी पेटी कुठेय?"

फ्राउक्येने अजून कोटही काढला नव्हता. खिडकीजवळच्या टेबलावर तिच्या शाळेच्या दिवसांपासून सापांच्या दोन काचेच्या पेट्या शेजारी शेजारी असायच्या. आज एकच होती. तिच्यात मातीची कुंडी उपडी घातलेली, आणि कुंडीच्या फुटक्या कडेखालून थोडं केशरी अंग दिसत होतं, थोडं काळं.

"माळ्यावर टाकली," सीत्से म्हणाला. "विजेचे भाव बघतेस ना? दोन सापांना दोन गरम चटया कशाला? एकीत भागतं."

हे उत्तर त्याने सकाळपासून तोंडात घोळवून ठेवलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. लेक दूर उत्रेख्त शहरात राहायला गेल्यापासून हार्लिंगनच्या या घरात तो आणि दोन साप असे तीन जीव उरले होते, आणि तिघं आपापल्या जागी गप्प पडून असत. ते त्याला बघवेना.

"आणि बघ तरी कशा राहतात," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून गळ्यात गळा."

फ्राउक्ये पेटीसमोर उकिडवी बसली. "गळ्यात गळा नाही, बाबा. पेटीत ऊब त्या कुंडीखालीच आहे. दोघींना तीच जागा हवी. वाफेल दांडगी, ती वर चढून बसते. ड्रॉप बिचारी खाली दबून राहते."

"मग उठून दुसरीकडे का जात नाही?"

"दुसरीकडे थंडी आहे ना."

तिने काळ्या ड्रॉपला अलगद बाहेर काढलं आणि बोटांनी पाठीवरून चाचपलं. "खाते का ही?"

"उंदीर देतो की. दोघींना वेगवेगळ्या डब्यात घालून. वाफेल फस्त करते. ही तोंड फिरवते. मला वाटलं, हिवाळा आहे, होतं असं."

"कणा लागतोय हाताला."

सीत्सेचा चेहरा पडला. तो कॉफी करायला आत गेला. येताना त्याने बिस्किटांचा डबा आणला. या घरात कॉफीबरोबर एकेक बिस्कीट घ्यायचं आणि झाकण लावायचं, पाहुणा कितीही मोठा असो. आज त्याने झाकण टेबलावर तसंच पडू दिलं.

"बाबा, तब्येत बरी आहे ना तुझी?" फ्राउक्येने झाकणाकडे बघत विचारलं.

"घे गं अजून एक. एका घरात दोघी राहिल्या तर बिघडलं काय, एवढंच मला कळत नाही."

"सापांचं बिघडतं. ही एकटी राहणारी जात आहे."

माणसांचं काय, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. कॉफीच्या घोटाबरोबर त्याने ते गिळलं.

"हिला घेऊन जाते मी," फ्राउक्ये म्हणाली. "सापांचा डॉक्टर तिकडेच आहे. माझ्याकडे पेटीही आहे."

"माळ्यावरची आणतो की खाली. आत्ता आणतो."

"नको, बाबा. हिच्याकडे रोज बघावं लागेल."

ड्रॉपला कापडी पिशवीत घालून, तोंड बांधून, तिने पिशवी कोटाच्या आत स्वेटरला लावून धरली. बाहेर समुद्राचा वारा सुटला होता. सीत्से दारात उभा राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिला, आणि वळल्यावरही थोडा वेळ.

मग तो पेटीसमोर खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने वाफेल कुंडीखालून बाहेर आली. तिने डोकं उचललं, जीभ काढली, पाण्याच्या वाटीभोवती एक फेरी मारली. शोधतेय, त्याला वाटलं. पण वाफेल काचेच्या कडेने सरकत गेली आणि सबंध लांबीभर पसरून निवांत पडली. ती एवढी लांब आहे हे तो विसरूनच गेला होता.

अंधार पडल्यावर फोन वाजला.

"पोचले, बाबा. ड्रॉप ठीक आहे. वाफेल काय करतेय?"

वाफेल हलतसुद्धा नव्हती.

"शोधतेय गं तिला," सीत्से म्हणाला. "सगळे कोपरे धुंडाळून झाले. एका जागी बसत नाही बघ. फार आठवण येते तिला."

साप कुणाची आठवण काढत नाहीत, हे शाळेत असताना फ्राउक्येनेच त्याला समजावून सांगितलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग शनिवारी येते मी. सांग तिला."

"सांगतो."

फोन ठेवून तो उठला. शनिवारपर्यंत बिस्किटं सादळायला नकोत म्हणून त्याने डब्याचं झाकण घट्ट दाबून लावलं.