न सोललेली केळी

१९४३ साली केळ्यांचा एक घड चोरला म्हणून लुईझाच्या अकरा वर्षांच्या सेबेस्टियनला कोर्टाने सात वर्षं दूरच्या सुधारगृहात धाडलं.

"गोऱ्या साहेबानं स्वतःच्या देशातली चोर पोरंसुद्धा बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला पाठवली होती," कोर्टातल्या कारकुनाने तिला समजावलं.

"आनि परत किती आली?" लुईझाने विचारलं. त्याने पुढचा कागद ओढला.

महिन्याभराने, भर दुपारी, फिर्याद करणारे सांडोर गावातल्या केळीच्या वाडीचे मालक आत्मारामशेट केळ्यांची फणी घेऊन तिच्या दारात आले.

"तुझा पोरगा पळून आला काय गं? हे बघ!"

त्यांनी एक केळं सोललं. सालीला कुठेही भोक नव्हतं, पण आतल्या गराला चावा घेतलेला होता. चाव्याच्या खुणेत पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती. सेबेस्टियनचा तोच दात पडलेला.

"दुसरं सोला," लुईझा म्हणाली.

त्यातही चावा होता, पण दात वेगळे, बारीक. तिसऱ्यात आणखी वेगळे.

"बाय, मी अर्ज करतो, तुझ्या पोराला सोडवतो," शेट काकुळतीला आले. "पन हे थांबव."

"माझ्या एकट्यालाच?" लुईझा कडाडली. "आनि ही बाकीची धाडलेली पोरं कोनाची?"

शेटच्या हातात, फणीला उरलेली केळी एकेक करून आतून रिकामी होत चपटी पडू लागली.