चिलखत

इराणातल्या आमच्या बुशहरला मोहरमात आम्ही रिंगण धरतो. डाव्या हातानं शेजाऱ्याची कंबर पकडायची, उजव्यानं आपला ऊर बडवायचा. माझी कंबर दर वर्षी बाबा धरायचे. आता ते नाहीत, म्हणून त्यांच्या जागी काका आले. त्यांचा हात माझ्या काळ्या शर्टावर पडला आणि तिथंच थबकला. आतलं घट्ट जॅकेट त्यांच्या बोटांना लागलं होतं. पोरं मला 'आमच्या बाळाला पाजतोस का' म्हणून चिडवायची ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शिराजला जाऊन मी वाढलेल्या छातीचं ऑपरेशन करून घेतलं ते मात्र कुणालाच नाही. सूज उतरेपर्यंत जॅकेट काढू नका, कातडी काही महिने बधिर राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. "दफनाला रडला नाहीस," काका कानाशी म्हणाले, "आणि आज लागू नये म्हणून चिलखत घालून आलास होय रे?" मी शर्टाची बटणं सोडून आतल्या जॅकेटची चेन खाली ओढली. दाबून ठेवलेली सूज पुन्हा पूर्वीसारखीच पुढे आली. शोकगीत म्हणणाऱ्याचा आवाज चढला आणि मी जीव खाऊन हात मारला. मग दुसरा, त्याहून जोरात. काकांनी माझी कंबर घट्ट धरली. "आता कसं," त्यांचा आवाज ओला झाला, "आता पोचतंय बघ तुझ्या बापाला." मी हात मारत राहिलो. माझ्यापर्यंत अजून काही पोचलं नव्हतं.