देव्हाऱ्यातलं कार्ड

डॉक्टरीणबाईंनी कार्ड उलटंपालटं केलं आणि त्यांच्या बोटांना कुंकू लागलं.

"हे कुठं होतं?"

"देव्हाऱ्यात," ज्ञानेश म्हणाला. सायखेड्याहून मोटरसायकल हाणत तो आत्ताच दवाखान्यात पोचला होता. हेल्मेट अजून हातातच होतं.

"मग कुठं ठेवायचं?" नवसाबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती, ती तिथूनच लेकावर कडाडली. "ह्यांच्या खिशात? ह्यांच्या खिशात तंबाखूची पुडी तेवढी जगते. आधार कार्ड दोनदा धुण्यात गेलं. ह्यांच्या कंबरेत मशीन बसवलं तवा दवाखान्यानं दिलेली वस्तू, म्हणून बाळकृष्णाच्या शेजारी मांडली. रोज हळदकुंकू वाहिलं, बाई. एक दिवस चुकवला नाय."

खाटेवर गोटीराम पडला होता. उजवा पाय चादरीबाहेर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या अंगठ्याला टाचणी टोचली, तेव्हा छताकडे बघत तो म्हणाला होता, "टोचा की आता."

काल पंचवटीच्या बाजारात मेथीचं गाठोडं उतरवताना त्याचा खांदा धरला. नवसाबाई गिऱ्हाईक सोडेना, म्हणून तो एकटाच पुढच्या गल्लीत मशीनचा शेक घ्यायला गेला. गेला चालत, आणला रिक्षातून.

"त्या शेकवाल्या पोरीला इचारता येत नव्हतं? अंगात मशीन हाय का, तार हाय का? तोंडाला कुलूप होतं का तिच्या?"

"विचारलं होतं, आजी." डॉक्टरीणबाईंनी फायलीतला कागद पुढं केला. "बाबांनी 'काही नाही' म्हणून सांगितलंय. ही त्यांची सही."

नवसाबाईनं सहीकडे बघितलं. वाकडीतिकडी, पण त्याचीच.

"आन् शेक दिला खांद्याला. पाय कसा जाईल?"

"कंबरेतल्या बॅटरीपासून तार मणक्यात गेलीय ना. शेकाचं ते विजेचं मशीन अंगावर कुठंही लावलं तरी तार तापते. तिचं टोक जिथं टेकतं, तिथंच पायाच्या नसा आहेत. त्या पोळल्या."

नवसाबाईला कढईत राहिलेली पळी आठवली. दांडा आगीपासून हातभर लांब, तरी धरणाऱ्याचं बोट पोळतं. तिला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पाय येईल?"

"आधी मशीन काढावं लागेल. मग बघू. शब्द नाही देत."

ज्ञानेश बापाकडे वळला. "नाना, अहो, ती विचारते आन् तुम्ही नाय कसं म्हणालात?"

गोटीरामनं बायकोकडे बघितलं नाही. "इसरलो."

इसरणारा माणूस नव्हता तो. दर रविवारी चार्जिंगचा पट्टा कंबरेला बांधून ओसरीवर बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. कातडीखाली मशीन हाय, पायाची आग थांबली, पुन्हा बांधावर जातो म्हणायचा. एक दिवस पारावर केरू म्हणाला, "गोटीरामदादा आता सेलवर चालतो." सगळा पार हसला. नवसाबाईनं तिथं जाऊन केरूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि घरी येऊन नवऱ्याला बजावलं, आजपासून चारचौघांत मशीनचं नाव काढायचं नाय. तेव्हापासून पट्टा माजघरात गेला. गोटीरामही रविवारचा माजघरात बसू लागला.

"शेकायच्या वक्ताला बाजूला कोण होतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाय."

"कोण होतं, म्हणते मी!"

"केरूची धोंडाबाई," गोटीराम हळूच म्हणाला. "गुडघ्यासाठी आली होती."

नवसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. उभ्या जन्मात तिनं कुणापुढं मान खाली घातली नव्हती. आताही घातली नाही. आवाज मात्र खाली आला.

"लिहून घ्या, बाई. हा माणूस इसरला नाय. बोलायचं नाय, असं मीच सांगितलं होतं."

"जाऊ दे गं," गोटीराम म्हणाला. "बाजारात मेथी तशीच पडली असंल."

"पडू द्या."

डॉक्टरीणबाईंनी काही लिहिलं नाही. ओल्या कापसानं कार्ड पुसलं. कुंकवाच्या थराखालून अक्षरं वर आली. पाठीमागची मराठीच होती, चांगली ठसठशीत. मशीनचा नंबर उतरून घेऊन त्यांनी कार्ड नवसाबाईच्या हातात दिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

नवसाबाई दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. वाचायला पोरं हायेत की, असं म्हणत तिनं पुढं कधी अक्षराकडे बघितलं नव्हतं. आता कार्ड डोळ्यांपासून लांब धरून ती एकेका अक्षरावर बोट ठेवू लागली. ज्ञानेश सांगायला पुढं झाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"का... र्ड. ने... ह... मी."

तिनं दम घेतला.

"ज... व... ळ. ठे... वा."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा बोटानं वाचली. मग उठली, गोटीरामवर वाकली आणि त्याच्या छातीवर डावीकडे चाचपलं. मग उजवीकडे.

"काय शोधतीस?" त्यानं विचारलं.

दवाखान्याच्या अंगरख्याला खिसा नव्हता.