मचाणावरची थंडी

“ते जाकीट काढ वं,” शरच्चंद्र म्हणाले. “करकर करून राहिलं. वाघीण नाल्यापलीकडूनच पळून जाईल.”

भैरवीने नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून खास आणलेलं जाकीट काढून जीपमध्ये टाकलं. ती वनखात्यात नुकतीच लागलेली पशुवैद्य. शरच्चंद्र याच कामातून निवृत्त झालेले. पण वाघाला बेशुद्धीची सुई मारायची म्हटलं की खातं अजून बेसाला त्यांच्या घरी गाडी पाठवून त्यांनाच बोलवायचं. उमरेडकडच्या या जंगलात एका वाघिणीच्या पुढच्या पायात रानडुकरांसाठी लावलेल्या तारेचा फास रुतला होता. पाय सडत चालला होता. तिला बेशुद्ध करायचं आणि तार कापायची, एवढंच काम. काल संध्याकाळी ती आलीही होती. शरच्चंद्रांची सुई तिच्या पाठीवरून गवतात गेली.

“बोटं गारठली थंडीनं,” ते मचाणावरून खाली उतरल्यावर म्हणाले होते. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जानेवारीच होता.

आज मात्र त्यांनी थंडीची पुरती तयारी केली होती. कपड्यांनी ठासलेली एक पिशवी वनरक्षक रामाजीच्या खांद्यावर दिली आणि स्वतः नुसत्या सुती सदऱ्यावर चालू लागले.

“चालताना अंगात काही जास्त घालायचं नाही,” ते भैरवीला सांगत होते. “घाम येते, आणि मग तोच घाम वर बसल्यावर गार पडते. सगळं वर गेल्यावर घालायचं. लोकरीचंच. लोकर आवाज करत नाही.”

मोहाच्या झाडावर मचाण बांधलं होतं. समोर, वाघिणीनेच मारलेलं वासरू कालच्याच जागी पडलं होतं. दोघांना वर चढवून रामाजी बाकीच्या माणसांकडे नाल्यापलीकडे निघून गेला.

भैरवीने दोन स्वेटर घातले, कानाला रुमाल बांधला आणि तिला छान ऊब आली. शरच्चंद्रांनी बिनबाह्यांचा स्वेटर घातला, त्यावर बाह्यांचा, त्यावर जाड लोकरी कोट. मग मफलर, मग माकडटोपी. सुईची बंदूक मांडीवर घेऊन ते थोडा वेळ बसले.

“तुझी शाल आहे ना? दे.”

तिने शाल दिली. त्यांनी तीही लपेटून घेतली.

ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं. भैरवीने सहज त्यांच्याकडे पाहिलं. माकडटोपीच्या कडेतून घामाचा ओघळ त्यांच्या गालावर उतरला होता. आणि बंदुकीवरचा उजवा हात थरथरत होता. डाव्या हाताने ते तो दाबून धरत होते, तरी थांबत नव्हता.

तिने नजर वळवली. पण तिने पाहिलं, हे त्यांना कळलं होतं.

नाल्याकडे वानर खेकसलं. मग गवत हललं आणि वाघीण बाहेर आली. तीन पायांवर चालत होती. चौथा पाय सुजून फुगला होता, तो तिने छातीशी धरला होता. वासराजवळ येऊन ती जड अंगाने बसली.

शरच्चंद्रांनी बंदूक उचलली. नळीचं टोक वाघिणीवरून घसरत घसरत गवतावर गेलं. त्यांनी ते परत आणलं. ते परत घसरलं. त्यांनी बंदूक खाली घेतली आणि डोळे मिटले.

“तुले थंडी वाजून राहिली का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“नाही, सर.”

“मग तू मार.”

त्यांनी बंदूक तिच्या मांडीवर सरकवली. भैरवीने आजवर पुठ्ठ्याच्या निशाण्यावर आणि एकदा एका रोहीवर, म्हणजे नीलगायीवर, सुई मारली होती. तिने श्वास अर्धा सोडला आणि खटका दाबला. सुई वाघिणीच्या मांडीत बसली. ती उसळली, लंगडत थोडं अंतर गेली, वळून तिने मचाणाकडे पाहिलं आणि हळूहळू आडवी झाली.

मचाणावरून खूण मिळताच माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली. घोंगड्या गाडीत होत्या आणि गाडी नाल्यापलीकडे. भैरवी खाली उतरून तार कापायला बसली. मांस तारेवर चढलं होतं, वास मारत होता.

“साहेब, हिचं अंग गार पडून राहिलं,” रामाजी वाघिणीच्या पोटाला हात लावून म्हणाला.

शरच्चंद्रांनी शाल तिच्यावर टाकली. मग कोट. मग एकेक करून दोन्ही स्वेटर. शेवटी मफलर तिच्या कानांवर गुंडाळला आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले.

तार निघाली. हाड शाबूत होतं. भैरवीने जखम धुतली, औषध भरलं.

“पाय वाचला!” रामाजी म्हणाला. “साहेब, आज नेम काय बसला तुमचा!”

“माझा नाही. डॉक्टरीणबाईंचा.” ते म्हणाले. “माझा हात हलते, रामाजी. आता मले बोलवू नका.”

“थंडीच तशी पडली आहे, साहेब.”

“थंडीनं नाही हलत.”

भैरवीने वाघिणीवरचे कपडे काढून घेतले, शुद्धीवर आणायचं इंजेक्शन दिलं आणि सगळे नाला ओलांडून गाडीपाशी आले. बऱ्याच वेळाने, बॅटरीच्या उजेडात, वाघिणीने मान उचलली. उठली, कोलमडली, पुन्हा उठली. दुखरा पाय तिने जमिनीला टेकवून पाहिला, उचलला, परत टेकवला. मग अंधाऱ्या झाडीत शिरली.

शरच्चंद्र नुसत्या सदऱ्यात उभे होते. दोन्ही हात मोकळे सोडलेले. भैरवीने कोट झटकला आणि त्यांच्यापुढे धरला.

“सर, घाला. गारठाल.”

“राहू दे वं,” ते झाडीकडे पाहत म्हणाले. “जराशी थंडी लागू दे.”