स्कूटीचा आवाज
झटका देणाऱ्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा, असं खोक्यावर छापलं होतं. खंड्याच्या गळ्याशी मी मोजून तेवढीच ठेवली आणि रिमोट घेऊन खुर्चीत बसलो.

लेकीची स्कूटी फाटकातून आत वळली, की खंड्या दाराशी नाचत भुंकायचा. दिवसातून तेवढं एकदाच, पण वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठायचं. सोसायटीनं दोनदा लेखी कळवलं होतं.

स्कूटी आली, खंड्या भुंकला, मी अंगठ्यानं बटण दाबलं. असं सहा दिवस. ऋजुता जिना चढून यायच्या आत पट्टा कपाटात जायचा. सातव्या दिवशी खंड्या भुंकला नाही.

आता स्कूटीचा आवाज आला की तो पलंगाखाली शिरतो. ऋजुता फरशीवर आडवी होऊन त्याला हाका मारते. तो भिंतीला चिकटून थरथरत राहतो.

“मी याला कधी रागावलेसुद्धा नाही, बाबा,” काल ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी वाकून हात पुढे केला. खंड्या सरपटत बाहेर आला आणि माझा अंगठा चाटू लागला.