सात हजार फेरे

साल २००७. मुलीच्या लग्नाची फिल्म महिपतमामांनी पेन ड्राइव्हवर मागितली, तेव्हा मुरबाडचा व्हिडिओवाला शेखर हसला.

"चिपचं काय खरं नाय, मामा. कधी मरंल ते कळायचं पण नाय. माझी हार्ड डिस्क बघा. सप्तपदीची पावलं सात, हिच्यातली चकती मिनिटाला सात हजार फेरे घेते. हिच्यावरचं लग्न हलणार नाय. वाटंल तेव्हा या नि बघून जा."

गळ्यात देवाचा काळा दोरा बांधणारा माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून मामांना पटलं. पार धसई गावापर्यंत सगळ्यांनाच पटलं होतं.

भादव्यात देवकीमामी गेल्या. उभ्या जन्मात त्या एकदाच नाचल्या होत्या, लेक मनस्वीच्या हळदीत. तेवढं बघायला मामा स्टुडिओत आले, तर हार्ड डिस्क नुसती टकटक करत होती.

"बसली, मामा," शेखर म्हणाला. "दुरुस्तीवाले पण नाय म्हणाले. सगळ्या तालुक्याची लग्नं गेली."

मामांनी त्या डब्यावरून हात फिरवला. मग त्यांनी शेखरच्याच पाठीवर हात ठेवला.

"तुझं पण लग्न त्यातच असंल ना रे?"

शेखरनं गळ्यातला काळा दोरा शर्टाबाहेर ओढला. टोकाला पेन ड्राइव्ह लटकत होता.

 

"नाय मामा, आपलं हितं सेफ हाये. चकतीचा काय भरवसा?"