पंपाचा आवाज

प्रेशर गेजचा काटा शून्यावरच होता. उर्वीने किल्ली पुन्हा फिरवली आणि मागे वळून विचारलं, "वाजतोय का पंप, बाबा?"

पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली, पंप तिच्या आत. देवदत्त सीटला कान लावून ओणवे झाले होते. "वाजतोय ना. छान घुमतोय," ते म्हणाले. "आटप गो. जयगडची फेरीबोट चुकली तर हेदवीला आरती संपल्यावर पोचू."

आज ते नातीला, उर्वीच्या आर्याला, घेऊन निघाले होते. दोघंच. बोटीतून उतरल्यावर तवसाळच्या पुढे गाडी कशी चालवायची, हे सकाळपासून नातीला सांगून झालं होतं. आंधळं वळण आलं की आधी हॉर्न द्यायचा, समोरून कोणी देतंय का ते ऐकायचं, मगच वळायचं.

"म्हणजे आजोबा गाड्यांशी बोलतात," आर्या म्हणाली.

उर्वीने गेजची लांब नळी बॉनेटखालून आणून डायल काचेवर टेकवला होता. पंप चालत असेल तर प्रेशर तीनपर्यंत चढायला हवं. तिने फिल्टर काढून फुंकला. हवा आरपार गेली. टाकीकडे परतणारी नळी चिमट्याने आवळली. काटा हलला नाही. पंप वाजतोय तरी प्रेशर नाही, मग टाकीच्या आतलीच नळी फाटली असणार. टाकी उतरवायची म्हणजे आजचा दिवस गेला.

देवदत्तांच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी घेतला नाही. तो वाजतच राहिला.

"आजोबा, फोन," आर्याने बाही ओढली, तेव्हा त्यांचा हात खिशात गेला. तोवर फोन बंद झाला होता.

उर्वी थबकली. एकूण एक गोष्ट तिने स्वतः तपासली होती. एक सोडून.

तिने फ्यूजच्या डब्यातून पंपाचा रिले उपटला आणि मुठीत धरला. आता पंपाला वीज जाणं शक्यच नव्हतं. किल्ली फिरवून ती मागे वळली.

"आता, बाबा?"

"वाजतोय," देवदत्त लगेच म्हणाले. "मघापेक्षा खणखणीत."

उर्वीने मूठ उघडली. रिलेच्या पायांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढला होता. तिने तो पॉलिश पेपरने घासून काढला, रिले जागेवर बसवला, किल्ली फिरवली. या वेळी तिने स्वतः कान दिला; मागून बारीक गुणगुण आली. काटा तीनवर गेला. देवदत्त तिच्या तोंडाकडे बघत, ती विचारायची वाट पाहत होते.

गेज निघाला, इंजिन सुरू झालं. देवदत्त हात पुसत पुढच्या दाराशी आले. स्टिअरिंगपाशी उर्वी बसली होती, पट्टा लावून.

"तू कशाला? तुला तिकडची वळणं ठाऊक तरी आहेत का?"

उर्वीने तोंड नीट त्यांच्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "वळणं तुम्ही दाखवा, बाबा. समोरचे हॉर्न मी ऐकते."